नारायणगावचा फड

चैत्र लागला म्हणजे आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मुलुखात दोन प्रकारचे मांडव पडतात. एक व्याख्यानांचा. त्यात सायंकाळी सतरंज्या अंथरल्या जातात, अध्यक्षांच्या खुर्चीपुढे तांब्याभांडे ठेवले जाते, आणि आपण नागरिक मंडळी इतिहास, संतवाङ्मय किंवा अर्थकारण ऐकावयास येऊन बसतो. दुसरे मांडव नारायणगावास पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला पडतात. त्यांस राहुट्या म्हणतात. प्रत्येक राहुटीवर एकेका तमाशाफडाची पाटी, आत बैठक, एक वही, वहीशी फडाचा मालक किंवा त्याचा व्यवस्थापक, आणि समोर गावोगावचे कारभारी. 'आमची जत्रा अमुक तिथीची, बोला काय घेता?' असा प्रश्न होतो, घासाघीस होते, विसार दिला जातो आणि सुपारी ठरते. या दोन मांडवांतील अंतर फारसे नाही. परंतु पहिल्या मांडवात दुसऱ्याचा विषय निघण्याचा योग क्वचितच येतो. तो आज आम्ही मुद्दाम आणीत आहोत.

आमच्या भागाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे वक्ते नाणेघाटातील सातवाहनांच्या शिलालेखापासून आरंभ करतात, लेण्याद्रीवरून शिवनेरीवर येतात, १६३० साल सांगतात आणि टाळ्या घेऊन खाली बसतात. यात वावगे काही नाही. पण नारायणगावास 'तमाशापंढरी' म्हणतात, हे नाव उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि ते नाव ज्यांच्या घामाने पडले त्या घराण्याची हकीकत मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना नीट सांगता येईल. आमचीही गत निराळी नव्हती. आमच्या लहानपणी रात्री तमाशाला गेलेल्या मुलांस दुसऱ्या दिवशी शाळेत बाकावर उभे करीत. ज्या गुरुजींनी आम्हांस उभे केले ते आदल्या रात्री उपरणे डोक्यावरून घेऊन कनातीच्या दुसऱ्या टोकास बसले होते, हे आम्ही पाहिले होते आणि आम्ही पाहिले हे त्यांसही ठाऊक होते. छडी मात्र त्या दिवशी नेहमीपेक्षा हलकी लागली! तमाशाशी आपल्या पांढरपेशा वर्गाचे नाते हे असे उपरण्याआडचे आहे.

फड उभा करणाऱ्याचे नाव नारायण खुडे. त्यांचे पुत्र भाऊ आणि बापू यांनी तो पुढे चालविला आणि 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने तो गाजला. या नावाकडे क्षणभर लक्ष द्यावे. त्यात माणसे आहेत, गाव आहे आणि मधोमध जात आहे. ज्या काळी ती जात उच्चारताच घोटभर पाणीही वरून ओतले जाई, त्या काळी ही माणसे ती पाटीवर लिहून गावोगाव हिंडत होती. त्यात नाइलाज किती आणि ताठा किती, याचा निवाडा आम्ही करणार नाही. पुढे विठाबाईंनीही 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर' असेच नाव लावले, यावरून ताठ्याचा अंश अगदीच नसावा असे मात्र वाटत नाही.

मातंग समाजाचे गावगाड्यातील काम कोणते? दोर वळणे, केरसुण्या बांधणे, आणि सण-समारंभात हलगी व सनई वाजविणे. म्हणजे वाद्य हे या समाजाच्या बलुत्यातच होते. देवाची पालखी हलगीवाचून हलत नसे आणि हलगीवाल्यास देवळाची पायरी चढता येत नसे. अशा घरातील पोरगा हातात ढोलकी किंवा तुणतुणे घेऊन बोर्डावर उभा राहिला म्हणजे तो काही 'कलेची उपासना' करावयास निघालेला नसे. गावाने ठरवून दिलेल्या कामातून स्वतःच्या हिमतीचा धंदा काढावयास तो निघालेला असे. फड म्हणजे प्रथम रोजगार, मग कला. हे ध्यानात घेतले नाही तर पुढची सारी हकीकत उलटी दिसेल.

तमाशाची परंपरा या घराण्याहून अर्थातच जुनी. शेजारच्या संगमनेरचा अनंत फंदी, सोलापूरचा राम जोशी, पुण्याचा होनाजी बाळा हे पेशवाईतील शाहीर. त्यांच्या लावण्यांस रसिकांचा आणि दरबाराचा आश्रय होता. १८१८ साली पेशवाई गेली आणि तो आश्रयही गेला. मग कलेने आपला पाय रयतेच्या अंगणात टाकला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लावणीला कथानकाची जोड मिळून वग उभा राहिला, आणि आज आपण ज्यास ढोलकीफडाचा तमाशा म्हणतो त्याचा साचा बनला. आधी गण, मग कृष्ण, पेंद्या आणि पुरुषाने लुगडे नेसून केलेली मावशी यांची गवळण, मग बतावणी, रंगबाजी, आणि शेवटी रात्र चढल्यावर वग. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे मूळचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी. त्यांनी आणि पवळाबाईंनी हा साचा महाराष्ट्रभर लोकप्रिय केला. बापूराव ब्राह्मण असल्यामुळे त्यांच्या त्यागाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. ज्यांच्यापाशी त्यागण्यासारखे काही नव्हतेच त्यांच्या कथा सांगणारे थोडे. भाऊ-बापू हे त्या दुसऱ्या रांगेतले.

या रांगेवर स्वातंत्र्याच्या पहाटे एक संकट आले. १९४८ साली मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांचे सरकार असताना तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी घालण्यात आली. कलावंतांनी गाऱ्हाणी मांडली, पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा-सुधारणेसाठी समिती झाली, आणि बंदीच्या जागी संहिता-तपासणी आली. म्हणजे वग आधी लिहून द्यावयाचा, तो मंजूर व्हावयाचा, मग करावयाचा. हेतू चांगला होता असे आम्ही धरून चालतो. परंतु वग ही वस्तू कोणती याचा विचार झाला होता काय? वगाचे कथानक ठरलेले, पण संवाद जागच्या जागी सुचावयाचे. समोरच्या गावचा पाटील कसा आहे, यंदा पाऊस कसा झाला, रेशनावर काय मिळते, हे सर्व सोंगाड्याच्या तोंडून त्या रात्री प्रथमच बाहेर पडावयाचे. ज्यांस अक्षरओळख बेताची अशा माणसांस 'उद्या तुम्ही काय बोलणार ते आज कागदावर द्या' असे सांगणे म्हणजे पोहणाऱ्यास पाण्यात उतरण्याआधी लाटांचा नकाशा मागण्यासारखे होते. असो. फडांनी लिहिणारे शोधले, कागद दिले, परवाने घेतले आणि रात्री बोर्डावर सुचेल तेही बोलले. फिरत्या नटांविषयी राज्यकर्त्यांस वाटणारा हा संशय आपल्याकडचाच आहे असे नाही. इंग्लंडात १५७२ च्या कायद्याने, कोणा उमरावाचा आश्रय नसलेल्या फिरत्या नटांची गणना उनाड भटक्यांत केली होती. शेक्सपिअर त्या वेळी आठ वर्षांचा होता.

आता या फडांचा प्रेक्षक कोण, हे पाहिले पाहिजे. आमच्या मते सगळ्या इतिहासाची किल्ली तेथे आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातील जमीन पश्चिमेकडे डोंगराची आणि भाताची, पूर्वेकडे पावसाची वाट पाहणारी. कुकडी प्रकल्पाची धरणे होऊन पाणी खेळले ते अलीकडे. डिंभ्याच्या पाण्यात तर ज्या गावावरून तालुक्यास आंबेगाव नाव पडले ते गावच गेले. पाणी येण्यापूर्वी पिढ्यान् पिढ्या येथला तरुण माळशेज किंवा खंडाळा उतरून मुंबईस जाई. कोणी गिरणीत लागे, कोणी गोदीत, कोणी बाजारात हमाली करी. मुंबईच्या डबेवाल्यांची मूळ गावे याच तालुक्यांतली, हे सर्वांस माहीत आहेच. वर्षभर एका मिनिटाचा उशीर न करणारी ही मंडळी चैत्रात गावच्या जत्रेसाठी चार-पाच दिवस डबे बंद ठेवतात. मुंबईच्या कचेऱ्या त्या दिवसांत उपाशी राहिल्या तरी चालतील, पण काळोबाची आणि मुक्ताबाईची जत्रा चुकवावयाची नाही!

जत्रेची वर्गणी कोण भरतो? गावात राहिलेला भरतो तशीच मुंबईकर मंडळीही भरतात, आणि पुष्कळदा जास्त भरतात. त्या वर्गणीतून सुपारी दिली जाते. सकाळी देवाला अभिषेक, दिवसा घाटात बैलगाडे, सायंकाळी पालखी नि छबिना, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची हजेरी आणि मग कुस्त्यांचा आखाडा, हा क्रम ठरलेला. यातील बैलगाड्यांवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, आणि २०२१ च्या अखेरीस ते पुन्हा सुटले. मधल्या सात वर्षांत किती सभा, मोर्चे आणि पुढाऱ्यांची भाषणे झाली! तमाशावर संकट आले तेव्हा याच्या दशांश गलबला झालेला आम्हांस आठवत नाही.

तर वर्षभर पोती वाहणारा, साचे चालविणारा, डबे पोचविणारा माणूस आपल्या वर्गणीने रात्रभर ज्याला ऐकतो तो बोर्डावरचा माणूस त्याच्यासारखाच कष्टकरी. त्याच्या वगातील राजा सोंगाड्यापुढे हमखास फजीत होतो आणि शिपाई लाच खाताना सापडतो. सांगलीकडच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी 'जहरी प्याला' या वगात दोन हवालदार उभे केले आणि त्यांवर आयुष्य काढले. मुंबईत लालबागसारख्या गिरणगावच्या वस्तीत हनुमान थिएटर उभे राहिले तेही याच प्रेक्षकासाठी. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी-संप सुरू झाला, पुष्कळ गिरण्यांचे भोंगे पुन्हा नीट वाजलेच नाहीत. त्याचा हिशेब आपण बेकार कामगारांत करतो. त्या कामगारांच्या रात्री ज्यांच्या भाकरीवर उभ्या होत्या त्या फडांचा हिशेब कोणी केला?

भाऊ मांगांच्या कन्या विठाबाई १९३५ च्या जुलैत पंढरपूरला जन्मल्या. विठोबाच्या गावी जन्मली म्हणून विठा. शाळेत मन रमले नाही. घरातच लावणी, गौळण, भेदिक यांचे पाठ चालू होते. आणि अगदी लहानपणी त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. गळा आणि पाय दोन्ही सारख्याच ताकदीचे असलेल्या नायिका तमाशात थोड्या झाल्या. १९५७ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांचा राष्ट्रपतींकडून सन्मान झाला, १९६२ च्या चीन-युद्धाच्या काळात त्यांनी जवानांपुढे कार्यक्रम केले, १९९० साली पुन्हा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. पुढे त्यांनी स्वतःचा फड काढला. मालकीण म्हणून शंभर माणसांची चूल पेटती ठेवावयाची आणि नायिका म्हणून रात्रभर नाचावयाचे, अशी ही दुहेरी मजुरी होती.

त्यांच्याविषयीची एक हकीकत तमाशाच्या जगात सर्वतोमुखी आहे. दिवस भरले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. नाचता नाचता कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, राहुटीत प्रसूत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली, आणि प्रेक्षक ओरडत होते म्हणून पुन्हा बोर्डावर आल्या. मघाचे पोट आता नाही हे पाहिल्यावर प्रेक्षकांस उमज पडली, आणि त्यांनीच खेळ थांबवून त्यांस विश्रांती घेण्यास विनविले. ही हकीकत सांगताना वक्त्यांचा कंठ दाटतो, 'केवढी ही कलानिष्ठा!' असे उद्गार निघतात. आम्हांस त्या शब्दाविषयी शंका आहे. खेळ अर्ध्यावर मोडला तर सुपारी बुडते, आणि सुपारी बुडाली तर शंभर माणसांचे पोट. गिरणीतली बाई तिसऱ्या पाळीत साच्यापाशी बाळंत झाली तर तिच्या यंत्रनिष्ठेचे आपण पोवाडे गाऊ काय? तिला रजा का नव्हती असे विचारू. विठाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न विचारणारा आम्हांस अजून भेटावयाचा आहे. त्यांची थोरवी यामुळे उणी होत नाही. उलट, ओरडणाऱ्या प्रेक्षकांत आपल्यापैकीच कोणाचे तरी वाडवडील असतील, एवढे फक्त लक्षात येते.

याच काळात शहरात दुसरेच काही घडत होते. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' हा अनंत मान्यांचा बोलपट पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. १९६५ साली वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' आले. दादा कोंडक्यांचे पाणी रसिकांनी पाहिले. १९७२ साली 'पिंजरा' आला. नाट्यगृहात खुर्चीवर बसून पाहिला जाणारा तमाशा 'लोकनाट्य' झाला आणि कुटुंबासह पाहण्याजोगा ठरला. या कलाकृतींची गोडी आम्हीही चाखली आहे. त्यांस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण गण, गौळण, बतावणी तीच असताना कनातीतला खेळ बीभत्स आणि नाट्यगृहातला सुसंस्कृत, हा न्याय आमच्या बुद्धीस पटत नाही. फडवाल्यांनी यातून आपला धडा घेतला. पुष्कळांनी पाटीवर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असे लिहविले. सिनेमाची गाणी आली, विजेचे झगमगाट आले, आणि रंगबाजी वाढत जाऊन वग आकसला. जुने लोक याबद्दल हळहळतात. पण कारभारी सुपारी देताना वगाचे नाव विचारीत नाहीत, 'पोरी किती आणि लाइटिंग कसे' हे विचारतात, असे एका फडमालकाने आम्हांस सांगितले, त्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

नारायणगावच राहुट्यांची पेठ का झाली? भाऊ-बापूंचे नाव हे एक कारण खरेच. पण आम्हांस रस्त्यांचेही कारण दिसते. पुणे-नाशिक रस्ता गावातून जातो, आणि जवळच आळेफाट्यावर कल्याणहून माळशेज चढून नगरकडे जाणारा रस्ता त्यास मिळतो. चार जिल्ह्यांचा कारभारी एका एस. टी.ने येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतो. शेतमालाची पेठ जशी वाटांच्या मिळणीवर वसते तशीच ही वसली. दसऱ्याला फड बाहेर पडतात. मोठे तंबूचे फड तिकिटावर गावोगाव खेळत फिरतात. यात्रेपुरते उभे राहणारे हंगामी फड निराळे. चैत्र-वैशाख हा सर्वांचाच सुगीचा काळ, आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास हंगाम सरतो. मग पावसाळा. पावसाळ्यात फडाला काम नसते, माणसांस भूक असते. तेव्हा मालक कलावंतांस उचल देतो; त्यासाठी तो स्वतः व्याजाने पैसा काढतो. हंगामात कलावंत मालकाची उचल फेडतो आणि मालक सावकाराची. ऊसतोडीच्या टोळीचा व्यवहार ज्यांस ठाऊक आहे त्यांस हे नव्याने सांगावयास नको.

म्हणून १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई वारल्या तेव्हा जे घडले ते अकस्मात नव्हते. दोनदा राष्ट्रपतींचा सन्मान मिळालेल्या या बाईंचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले, आणि रुग्णालयाचे बिल त्यांच्या पश्चात देणगीदारांच्या पैशांतून चुकते करावे लागले. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांस जीवनगौरव पुरस्कार देते. आंबेगाव तालुक्यातील अवसरीचे नाव ज्यांनी आडनावासारखे लावले त्या वसंत अवसरीकरांना तो मिळाला. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही मिळाला. त्यांनी स्वतःचा फड काढून घराण्याची पुढची पिढी बोर्डावर उभी केली. आईच्या नावाचा पुरस्कार मुलीने घ्यावा, आणि तो वारशाने नव्हे तर रात्री जागून कमावलेला असावा, असे उदाहरण दुसरे आम्हांस ठाऊक नाही.

अलीकडच्या अडचणी दोन. ध्वनिवर्धकाविषयीचे २००० सालचे नियम रात्री दहानंतर कर्णे बंद करावयास सांगतात. नियम योग्यच, आजारी माणसास आणि परीक्षेच्या मुलास झोप हवी. पण जी कला दहाला गण म्हणून पहाटे वग संपवीत असे तिने दहाला घरी जावे म्हटल्यावर वग उभा राहणार केव्हा? दुसरी अडचण सर्वांनी सोसली, पण फडांनी ती अगदी मुहूर्तावर सोसली. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस तोच. वर्षाची सुगी त्या दिवशी सुरू व्हावयाची, ती त्या दिवशी संपली. जत्रा नाहीत, सुपाऱ्या नाहीत. उचल मात्र आधीच वाटलेली. २०२१ चा हंगामही तसाच गेला. कोणी ढोलकीवाला बाजारात भाजी घेऊन बसला, कोणी नर्तिका शेतावर रोजाने गेली, ट्रक विकले गेले. आमच्या वसंत व्याख्यानांचा मांडवही त्या दोन वर्षी पडला नाही. पण वक्त्यांची चूल व्याख्यानांवर चालत नाही, एवढा फरक.

राज्यातील निर्बंध पूर्णपणे उठले ते २ एप्रिल २०२२ रोजी. तोही पाडवाच होता. आम्ही त्या सुमारास नारायणगावास गेलो होतो. रस्त्याच्या कडेला कनाती ताणण्याचे काम चालू होते, पाट्यांवरील धूळ पुसली जात होती, एका राहुटीपुढे एक म्हातारा ढोलकीची वादी ओढून सूर जमवीत होता. आम्ही विचारले, 'यंदा सुपाऱ्या कशा?' त्याने वर न पाहता सांगितले, 'आत्ता तर पानं उघडलीत वहीची.' इतक्यात खेडकडील एका गावचे चार कारभारी जीपमधून उतरले, त्याने ढोलकी बाजूला ठेवली आणि मालकाला हाक मारली.